सुरी आणि शेवटचा तुकडा

मी एक जुनी सुरी आहे. माझं पातं काळपट दिसतं, पण मित्रांनो, ती घाण नव्हे. साध्या पोलादाला वर्षानुवर्षं आंबट पदार्थ लागत राहिले की असा थर चढतोच. मिनेसोटातल्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं, तेलात विझवलं आणि पुन्हा बेताचं तापवलं. ती दुसरी आच मिळाली नसती, तर मी पहिल्याच भोपळ्यावर मोडले असते.

माझी आताची मालकीण अर्डेल. तिच्या सासूबाई माझं फार कौतुक करायच्या. त्या गेल्या आणि घरात विजेची सुरी आली. मग मी खणात, वाकलेल्या चमच्यांच्या संगतीत पडून राहिले.

मला बाहेर काढलं ते उन्हाळ्याने. चर्चच्या तळघरात बायकांचं वार्षिक जेवण होतं, प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा. तिथला नियम कडक. तुमचं भांडं रिकामं परत गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पदार्थ आणायचा. काही उरलं तर पदार्थ बंद, सगळ्यांना नुसती कॉफी ओतायची. अर्डेल कित्येक वर्षं कॉफीच ओतत होती. यंदा तिने प्रमुख लव्हॉनबाईंकडून मोठ्या मिनतवारीने एक संधी मिळवली होती.

तिने लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, पसरल्या. त्यांवर मऊ चीज, आंबटगोड क्रॅनबेरी, सॅलडची पानं आणि गार टर्कीचे काप ठेवून घट्ट गुंडाळ्या केल्या. चीज आळावं म्हणून त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. एवढं सगळं नीट झालं, आणि विजेच्या सुरीने पहिल्याच गुंडाळीचं पोट फोडलं! तेव्हा कुठे बाईंना माझी आठवण झाली. तिने मला धार लावून घेतली आणि मी बाकीच्या सगळ्या गुंडाळ्या तिरक्या, स्वच्छ कापल्या.

तळघरात सगळीकडे ओव्हनमधून आलेली वाफाळती भांडी. जेवायला आलेल्यांपैकी एक, बोर्गिल्डबाई, आमच्या ताटापाशी थबकल्या.

"गार? जेवणात?"

"उकाडा किती आहे बघ ना, बोर्गिल्ड."

"हं. वेगळंच आहे काहीतरी."

इकडे 'वेगळंच' म्हणजे सभ्यपणे नाक मुरडणं. अर्डेलचे कान लाल झाले.

पण तुकडे भराभर संपत गेले. एकच उरला, आणि तिथेच घोडं अडलं. या भागात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, हावरेपणा दिसतो.

लव्हॉनबाईंनी ताटाशेजारून मला उचललं. "मी आपली अर्धाच घेते."

दुसरीने त्या अर्ध्याचा अर्धा केला. तिसरीने त्याचाही. मित्रांनो, अर्ध्याचं अर्धं करत राहिलं तर शून्य कधीच येत नाही! शेवटी जो पापुद्रा उरला, त्याच्या पलीकडचं ताटावरचं फूल दिसत होतं.

"अगं, थोडं उरलंच की," लव्हॉनबाई हळहळल्या. "भांडं रिकामं नाही झालं."

अर्डेलने ताट बोर्गिल्डबाईंपुढे धरलं. "तू घे."

"छे गं, पोट तुडुंब भरलंय."

"एवढंसं तर आहे."

"दुसऱ्या कुणाला तरी दे."

"घे ना गं. माझी कॉफी सुटेल."

"बरं बाई. वाया नको जायला." त्यांनी पापुद्रा तोंडात टाकला. चावायला काही नव्हतंच, तरी बराच वेळ चावला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "डब्यात आणखी नाहीत ना?"

तळघरातल्या सगळ्या माना वळल्या. तिथे आजवर कुणी आपल्या तोंडाने आणखी मागितलं नव्हतं.

लव्हॉनबाईंनी घसा खाकरला. "अर्डेल, पुढच्या वर्षी दोन ताटं आण. कॉफीचं बोर्गिल्ड बघेल."

मित्रांनो, जुन्या सुरीला खणात टाकू नका. वापरून झालं की लगेच धुऊन कोरडी पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि पदार्थ आवडला तर शेवटचा तुकडा सरळ खाऊन टाका. माझी धार टर्की कापायला आहे. तुमचा संकोच कापता कापता ती बोथट होते.