हललेला हात

गेलेल्या माणसांचे फोटो फ्रेमवाल्याच्या दुकानात रोजचेच. लोक फोटो काउंटरवर ठेवत, डोळे पुसत, आणि तो विचारी, "लाकडी की सोनेरी?" याहून जास्त काही विचारायचं नसतं, हे तो धंद्यात शिकला होता. आज त्याच्या स्वतःच्या बायकोचा फोटो काउंटरवर होता आणि विचारणारं कुणी नव्हतं.

फोटो खरं तर दोन होते. एक लेकीनं आणलेला, जुना. त्यात बायको मान मागे टाकून हसत होती. दुसरा त्याच्याकडचा, शेवटच्या वर्षातला. खुर्चीत बसलेली, मांडीवर नात, चेहरा दगडासारखा, आणि उजव्या हाताच्या जागी नुसता धुरकट पट्टा. फोटो काढणाऱ्यानं देतानाच माफी मागितली होती. "काका, हात हलला हो. परत काढला असता, पण तोवर बाळानं भोकाड पसरलं."

"हा नको, बाबा," लेक म्हणाली. "जुना लावू या. किती छान हसतेय त्यात."

"तो तुझ्या जन्माच्या आधीचा आहे, नकटे."

"म्हणून काय झालं? आईच आहे ना?"

"आईच आहे. पण त्या मुलीशी माझं नुसतं लग्न झालं. म्हातारा झालो तो हिच्याबरोबर."

लेकीनं सुस्कारा सोडला. बापाचा हट्ट तिला माहीत होता. "बरं, हाच लावा. पण माउंट खांद्यापाशी कापा. हात झाकून टाका. मला नाही बघवत तो."

माउंट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा. त्यात खिडकी कापली की तेवढाच फोटो दिसतो, बाकीचा आत दडून जातो. बिघडलेल्या फोटोंची अब्रू त्यानं जन्मभर अशीच झाकली होती. कुणाचा मध्येच घुसलेला परका खांदा, कुणाचा तोंड फुगवून बसलेला भाऊ. धंद्याच्या दृष्टीनं लेकीचं बरोबर होतं. त्यानं मोजपट्टी उचलली, आणि परत खाली ठेवली.

तिचा आजार, कंपवात, आला तो चोरपावलांनी. आधी उजवा अंगठा हलू लागला. काम करताना नाही, हात निवांत पडलेला असताना. मग चाल बारीक झाली. दारात आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, आणि मागून कुणी "चल ना" म्हटलं की आणखीच चिकटायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, जमिनीवर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. फ्रेमवाल्यानं फ्रेमच्या पाठीला लावायची खाकी चिकटपट्टी घरभर दारादारांत आडवी चिकटवली. आणि खरंच, पाय उचलला जाई. "घरात रेल्वेचे रूळ टाकलेत यांनी," ती पुटपुटे. आवाजही बसला होता. ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. गोळ्या घड्याळावर चालत. एखादी उशिरा झाली की ती चमचा हातात धरून तशीच थिजून बसे.

मग चेहरा गेला.

"अहो, माझा चेहरा संपावर गेलाय," ती एकदा म्हणाली.

"मागण्या काय आहेत त्याच्या?"

"तुम्हीच विचारा. माझ्याशी बोलत नाही तो."

हे सांगताना तिचा ओठही हलला नव्हता. तो मात्र पोट धरून हसला होता. नात्यातल्यांना हे कळत नसे. "वहिनींना माणसं नकोशी झालीत आता," त्याची बहीण सगळीकडे सांगत सुटली. डॉक्टर म्हणाले होते, "चेहऱ्याचे स्नायू आखडलेत, माणूस आत आहे तसंच आहे. तुम्ही आता दुसरीकडे बघायला शिका." तेव्हापासून तो तिच्या हाताकडे बघायला शिकला.

"बाबा, कुठे हरवलात?"

"हात तुला का बघवत नाही?"

लेक काउंटरवरच्या पुठ्ठ्याच्या कातरणाशी चाळा करत राहिली. "तुम्ही चहा ठेवायला आत जायचात, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मी दारातून आत आले की तो हात असा सुटायचा ना, चाळणी हलवावी तसा. डॉक्टरच म्हणाले होते, मनावर ताण आला की कंप वाढतो. माझाच ताण यायचा तिला. म्हणून मी येणं कमी केलं. म्हटलं, तिला तरी बरं वाटू दे."

 फ्रेमवाल्याला वाटत होतं, लेकीला यायला जमत नसेल; नोकरी, पोर, घरचं काम, कुणाला सवड असते? सुट्टीच्या दिवशी बायको खुर्ची खिडकीशी ओढायला लावी आणि रस्त्याकडे बघत बसे. तिथून उठवलं तर उठत नसे.

खरं सांगितलं तर लेकीच्या जन्माला पुरेल एवढं दुखणार होतं. नाही सांगितलं तर आईला आपण नकोशा होतो, असं धरून ती जन्म काढणार होती.  मग त्यानं भिंग काढून फोटोवर ठेवलं.

"डॉक्टरांचं अर्धंच ऐकलंस तू. ताण आला की वाढतो, तसा आनंद झाला तरी वाढतो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"बघ तर खरी. घाबरली, लाजली की काय करायची ती? दवाखान्यात, पाहुण्यांपुढे?"

"डाव्या हातानं उजवा दाबून धरायची. शालीखाली."

"यात डावा कुठे आहे?"

लेकीनं वाकून पाहिलं. डावा हात नातीच्या पाठीवर होता, बोटं पसरलेली. शाल खुर्चीच्या पाठीवर पडली होती. उजवा मोकळा सोडलेला होता.

"तू आल्यावर तिनं तो कधी दाबला? आठव बरं."

लेकीनं भिंग पुन्हा डाव्या हातावर सरकवलं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "कधीच नाही."

"जिन्यात तुझं पाऊल वाजलं की सुरू व्हायचा. तू बेल दाबायच्या आत मला कळायचं, नकटी आली. म्हणून तर मी चहा ठेवायला उठायचो."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तिचा आवाज पुरत नव्हता. आणि मला वाटायचं, तुला दिसतंय."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. कुणीतरी दारात डोकावलं आणि रडणारी बाई बघून परत फिरलं. या दुकानात ते नवं नव्हतं.  जन्मभर जे विचारलं तेच फ्रेमवाल्याच्या तोंडून निघालं.

"लाकडी की सोनेरी?"

"लाकडी," लेक नाक पुसत म्हणाली. "झगमगाट आवडायचा नाही तिला." मग तिनं पट्टी स्वतःच उचलली, धुरकट पट्ट्याच्या पार पलीकडे टेकवली आणि दाबून धरली. "इथून कापा. हात सगळा आत येऊ दे."

त्यानं कापलं. फोटो बसवला, वर काच ठेवली आणि फडक्यानं पुसली. काच लखलखीत झाली तरी उजव्या हाताशी धूळ राहिल्यासारखी दिसत होती. त्यानं तिथे पुन्हा फडकं फिरवलं, मग आणखी एकदा. लेकीनं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, काच स्वच्छ आहे."

"हो गं," तो म्हणाला. "माहीत आहे मला." आणि तरी फडकं त्यानं तिथून उचललं नाही.