वाकडा दात

"वाकडा? मुद्दाम वाकडा?" कवळीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हो, मावशी. पुढचा एक शेजारच्यावर चढलेला. आणि जरा पिवळट." समोरच्या माणसाने फोटो पुढे सरकवला. "हुबेहूब असे." त्याच्या तोंडात पांढरीशुभ्र, एकसारखी कवळी होती.

बाईंचा जन्म दात घडवण्यात गेला होता. चावताही यावं आणि हसताही यावं, असे दात. पण आजवर आलेल्या प्रत्येकाने मोतीच मागितले. देवाघरचं वाकडेपण विकत मागणारा हा पहिलाच! शिवाय फोटोतल्याचे गाल भरलेले, याचे बसलेले. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"हा कोण?"

"मीच."

"मग हे सरळ दात कोणी मागितले होते?"

"तेही मीच. हौस."

"फिटली वाटतं लवकर!"

दुसऱ्याचं तोंड लावून हा कुणाच्या घरात शिरणार, कुणाच्या नावाने सही करणार? माप घेऊन दात मेणात रचून झाले, तरी पक्के करायला बाईंचा हात धजेना.

"घरी येऊन बसवून बघेन. घरच्यांना पटले, तरच पुढचं."

तो घुटमळला. "या. घरी फक्त आई असते."

खाटेवरची म्हातारी त्याला पाहताच ओरडली, "बाई, धरा त्याला! माझ्या लेकाचे कपडे घालून फिरतो. दात बघा मेल्याचे! कुठे ठेवलंस रे माझ्या पोराला?"

बाई दाराकडे सरकल्या.

"कवळी बसवल्यापासून असंच चाललंय," तो हळूच म्हणाला. "तिला सगळ्याचा विसर पडत चाललाय, मावशी. माझा तो दात तेवढा आठवतो. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. शेजारीण भरवते, तेवढंच पोटात जातं."

बाईंनी त्याला पांढरी कवळी काढायला लावली. डबीतले मेणातले दात त्यांनी त्याच्या तोंडात बसवले, बोटाने ओठ सारखा केला. "हसा."

तो हसला. म्हातारी बघतच राहिली. मग तिने त्याची बाही घट्ट धरली.

"आलास? किती वाट बघायची रे माणसाने!"

तो लगबगीने ताट घेऊन आला. पहिला घास तिने मुकाट्याने घेतला. दुसऱ्याला हात आडवा धरला.

"तू नव्हतास ना, तेव्हा एक जण यायचा. रोज ताट घेऊन. फार टाकून बोलले मी त्याला." तिचा आवाज उतरला. "त्याचं कुणी नसावं रे."

तिने ताटातला अर्धा भात एका कडेला सारला.

"हा त्याला ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला, आणि त्या अर्ध्याला बोट न लावता तिला भरवू लागला.