परलोकातली भाची

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गेलेल्या माणसाचा लहानपणीचा फोटो दिला की बाबा डोळे मिटून पुटपुटत, आणि पडद्यावर तोच चेहरा उमटे, वयाने वाढलेला, हसरा! "आत्माही वाढतो, बाळांनो! साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, आमच्या दिव्यदृष्टीला दिसतो!"

मागे उभ्या फोटोग्राफरच्या अंगाचा तिळपापड होत होता. तीस वर्षं त्याने माणसांचे चेहरे टिपले, पण त्याच्यासाठी कधी अशी गर्दी लोटली नव्हती. तेही त्याने गिळलं असतं. पण चौथ्या वर्षी गेलेल्या भाचीचा त्याने काढलेला फोटो ताईने भिंतीवरून उतरवला होता आणि तिथे बाबांनी दाखवलेली तरुणी टांगली होती. उद्या नोकरीचा राजीनामा देऊन ताई कायमची बाबांच्या मठात जाणार होती.

मत्सरापोटी त्याने त्या तरुणीला भिंगाखाली धरलं. एका कानात रिंग, दुसऱ्यात मोती! शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी त्याची बायको बघताक्षणी म्हणाली, "अहो, हे तर यंत्राचं काम!"

म्हणून आज त्याने स्वतःचाच लहानपणीचा फोटो पुढे केला. बाबांनी डोळे पुसले. "हा बालक परलोकी सुखात आहे."

"तो बालक मीच, महाराज!"

हशा उसळला. बायको व्यासपीठावर चढली. "हे चेहरे कॉम्प्युटर रचतो. त्यात दोन प्रोग्रॅम असतात. एक खोटे चेहरे बनवतो. दुसरा खऱ्या फोटोंशी ताडून खोटे पकडतो. पकडला गेला की पहिला चूक सुधारतो, मग दुसऱ्याला नजर आणखी तयार करावी लागते. अशी लाखो वेळा झटापट होते. शेवटी पकडणाराही फसतो. तुमच्या फोटोतली चेहऱ्याची ठेवण उचलून असं यंत्र नवा चेहरा रचतं. तो हुबेहूब वाटतो, पण कोणाचाच नसतो."

ताई कडाडली, "अरे, तू जळतोस बाबांवर!"

"जळतो. म्हणून तर भिंग घेतलं. पण तू जळू नकोस ताई, बाबांना नुसता एक प्रश्न विचार."

 ताई बाबांकडे वळून म्हणाली, "महाराज, रोज तिच्याशी बोलतो म्हणता ना? माझ्या मुलीचं नाव सांगा."

बाबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

एवढा साधा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. हात जोडण्याआधी आपणही तो विचारावा.