पोकोमारूची मान

भोपळ्याचं डोकं संजीवनीच्या खांद्यांवर बसलं आणि मेळ्यासाठी जपानहून आलेल्या साचिकोनं मागून पट्टा आवळला.

"काहीही झालं तरी बोलायचं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पोकोमारूच्या आत कोणी नसतं."

आपल्याकडे गावागणिक ग्रामदैवत, तसं जपानात गावागणिक एक बाहुलं. पोकोमारूच्या गावात भोपळेही पिकतात आणि मासेही मिळतात, म्हणून त्याला भोपळ्याचं अंग आणि माशाची शेपटी. सिंगापूरच्या मॉलमधल्या जपानी मेळ्यात पोरं त्याच्यावर तुटून पडत होती. रोज आत शिरणाऱ्या मुलाची पाठ सकाळीच धरली होती आणि मेळ्याची व्यवस्था संजीवनीच्या ऑफिसकडे. तेव्हा हे लोढणं तिच्याच गळ्यात आलं. घामानं जीव नकोसा झाला होता.

जाळीतून तिला ऋचा दिसली, मागोमाग बाबा. नातीला पोकोमारू दाखवायला ते बिशानच्या घरून आले होते. आत आपली लेक आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. फोटो काढून झाल्यावर ऋचा फुग्यांच्या रांगेत पळाली आणि बाबा बाकावर पोकोमारूशेजारी टेकले. त्यांनी त्याचा मऊ पंजा हातात घेतला.

"कोण आहेस रे आत? असो. तुला मराठी कळत नाही, म्हणून तुलाच सांगतो."

बाबांनी पंजा थोपटला.

"मला चिपळूणला परत जायचंय. लेक फार जीव लावते रे. पण सगळे कामाला गेले की मी दिवसभर टीव्हीशी बोलतो. आता तिनं घर विकायला काढलंय. पुढच्या आठवड्यात माझी सही." त्यांचा आवाज चिरकला. "दारात हिनं लावलेला अनंत आहे. गेली, पण झाड फुलतंय अजून. तेही त्या गिऱ्हाइकालाच द्यायचं?"

भोपळ्याच्या आत संजीवनीला रडू फुटलं. बाबा चिपळूणच्या घरी जिन्यात पडले आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही, तेव्हाच तिनं ठरवलं होतं की त्यांना एकटं ठेवायचं नाही. त्यांना इथं राहता यावं म्हणून पाससाठी किती खेटे घातले होते तिनं! "बाबा" हा शब्द अगदी ओठांवर आला. समोर साचिको उभी होती.

"सांगू का रे तिला?" बाबांनी विचारलं.

पोकोमारूला येऊन जाऊन हात हलवता येत होता आणि मान डोलावता येत होती. त्यानं मान डोलावली. मग पुन्हा, जोरात. बाबा हसले आणि त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

संध्याकाळी जेवताना ऋचा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, आजोबा टॉक टु पोकोमारू सो लाँग, लाह!"

"हो का?" संजीवनी आमटी वाढत होती. "काय म्हणाला मग पोकोमारू?"

"हो म्हणाला." बाबांचा घास हातातच थांबला. "संजू, मला ते घर विकायचं नाही. मला परत जायचंय."

हे येणार, हे तिला दुपारपासून ठाऊक होतं. काय बोलायचं तेही तिनं ट्रेनमध्ये ठरवून ठेवलं होतं. पण आता तिच्या डोळ्यांपुढे तो जिना आला.

"जाऊ ना गं?" बाबांनी विचारलं.

"मम्मा, लाइक धिस!" ऋचानं पोकोमारूसारखी मान डोलावून दाखवली.

बाबा वाट बघत होते. संजीवनीची मान काही हलेना.