कोरा सोडलेला चेहरा

महादेवराव सरांनी कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि गोपिकेच्या चित्रातल्या आईच्या तोंडावर फिरवला. गालाचा काळा-तांबूस रंग साधायला तिला चार दिवस लागले होते. दोन फटकाऱ्यांत तो गेला.

"जपानी पद्धत म्हणजे रेषा." सरांनी भिंतीवरच्या सन चौऱ्याहत्तरच्या जपानी कॅलेंडरकडे बोट केलं. "रंग केसांना, कपड्यांना. चेहऱ्याला ते लावतच नाहीत, कागद कोरा सोडतात. उद्या प्रदर्शनात लागायचं असेल तर चेहरा कोरा पाहिजे."

कॅलेंडरवरच्या चित्रातली जपानी बाई गोपिकेलाही आवडायची. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेष, कुठं थरथर नाही.

"पण सर, माही आई काळी आहे."

"मग दुसरी बाई बसव."

मागून कोणीतरी बोललं, "पावडर चोपड वं तिले!" वर्ग खदखदला. सरही हसले. गोपिकेनं चित्र उभं फाडलं.

कामठीला घरी पोचली तेव्हा प्रयागबाई सुताचा गठ्ठा सोडत होती.

"माय, पुन्हा बस. सरले तोंड पांढरं पाहिजे म्हणे."

प्रयागबाई उठून शेजारी रुख्मिणीकडे गेली. आली ती तिच्या डब्यातली पावडर कानापर्यंत थापून. मान मात्र तशीच काळी.

"आता जमते का पाह्य."

"पूस ते."

"काहून? चित्र मांगं पडते नं तुयं माह्या तोंडापायी."

गोपिकेनं तिचाच पदर ओला करून तिचं तोंड खसाखसा पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं.

"हळू वं, कातडी सोलतं का?"

खाली गठ्ठ्याचा खाकी कागद पडला होता. त्यावर प्रयागबाईचा हात टेकलेला. गोपिका हाताकडे पाहत राहिली, मग कागदाकडे. मग तिनं कागद ओढून घेतला आणि मांडीवर सपाट केला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो खाकी कागद सरांच्या टेबलावर अंथरला. केस काळेभोर, लुगडं हिरवं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेष.

"चेहरा कोरा सोड म्हटलं होतं मी."

"कोराच आहे, सर."

सरांनी अंगठा जिभेला लावला आणि चित्रातल्या गालावर घासला. पुन्हा घासला. अंगठा उजेडात धरून पाहिला. त्याला रंग लागलाच नव्हता. वर्गात कोणी हसलं नाही.

"टाचण्या द्या, सर," गोपिका म्हणाली.