न निघालेला धूर

"ह्यो मीटरला टिचक्या का मारालाय गं?" भीमाप्पांनी विचारलं.

"बघतायत, अप्पा. मीटर खरा आहे का ते."

"मीटर खरा हाय. ह्यो खरा हाय का, त्ये कोण बघायचं?"

विद्याश्रीने हसू दाबलं. जर्मनीहून आलेला उंच तपासनीस पिवळं हेल्मेट घालून मीटरच्या सीलचे फोटो काढत होता. दोन हजार सहाचा जानेवारी, गाळप ऐन भरात. अप्पा, तिचे वडील, या साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. ती कोल्हापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. आज पाहुण्याचं बोलणं अप्पांना आणि अप्पांचं पाहुण्याला सांगायला कारखान्याने तिला बोलावलं होतं.

सौदा काय आहे, हे तिने आदल्या रविवारी अप्पांना समजावलं होतं. रस काढून उरलेलं चिपाड जाळून हा नवा बॉयलर वीज करतो. तेवढी वीज दुसरीकडे कोळसा जाळून करावी लागत नाही, म्हणजे तेवढा धूर वाचतो. युरोपातल्या कारखान्यांना धुराची मर्यादा घातली आहे. ज्यांचा धूर जास्त, ते हा वाचलेला धूर विकत घेतात.

"म्हंजे धूर त्येंनी काढायचा, आनि न निघालेला आमी इकायचा?"

"हो."

"म्हस इकताना दात तरी बघाय मिळत्यात की गं."

एक अट मात्र ती बोलली नव्हती. धुराचे पैसे मिळणार म्हणूनच बॉयलर बांधला, असं दाखवावं लागे. तसाही बांधणारच होते, तर त्यात नवीन वाचलं काय? कारखान्याच्या कागदांवर निर्णयाचं साल होतं दोन हजार चार, म्हणजे या पैशांची माहिती कारखान्याला मिळाली त्यानंतरचं.

सकाळी फाटकात प्रकल्पाच्या मृत्युंजय साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, त्यांना आपण अडलेले दिसाय पायजे. अडलेला न्हाई, त्याच्याशी ते सौदाच करत न्हाईत. भीमाप्पा जरा सैल बोलत्यात. तुमी काय, घरच्याच की."

शहरात एवढे दुभाषी असताना आपल्यालाच का बोलावलं, हा प्रश्न तिला तेव्हा पडायला हवा होता.

तपासनीसाने नोंदवही मागितली. अप्पांनी ती दोन्ही हातांनी दिली आणि पाळी कशी बदलते ते सांगितलं. जाणारा माणूस एकेक आकडा मोठ्याने वाचतो. येणारा काट्याकडे बघून 'बरोबर' म्हणतो, आणि शेवटी सही करून खाली वेळ घालतो. "ऐकल्याबिगर सही न्हाई, सहीबिगर घर न्हाई."

तपासनीस खूश झाला. मग त्याने विचारलं, हा बॉयलर उभारायला कधी घेतला?

अप्पांचा चेहरा उजळला. "पाया आमच्याच हातनं घातलाय की! दोन हजार दोनचा दसरा. चेअरमन म्हणालं, जुनं मानूस हाय, जोडीनं बसा पूजेला. अक्काताई, म्हंजे हिची अव्वा, हिरवं इरकल नेसून शेजारी बसलीती. फुडच्या संक्रांतीला गेली ती. सांग त्येला."

मृत्युंजय साहेब नोंदवहीची पानं सारखी करत होते. ती सारखीच होती.

अप्पांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सौदा फिसकटला, तर कोणाच्या तोंडामुळे फिसकटला हे साऱ्या कारखान्याला कळणार होतं. तिने इंग्रजीत सांगितलं, पायाभरणीची पूजा माझ्या आईवडिलांनी केली. फार आनंदाचा दिवस होता तो.

तपासनीसाने एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मान डोलावून लिहून घेतलं. त्यालाही कदाचित एवढंच ऐकायचं होतं.

संध्याकाळी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "विद्या, टू थाउजंड टू कुठं गेलं?"

ती दचकली. तीस वर्षं नोंदवहीतले आकडे आणि तारखा ते इंग्रजीतच लिहीत आले होते.

"बाकीचं मला कळत न्हाई. आकडं कळत्यात. कान दिऊन हुतो मी."

"तुमच्यासाठीच केलं, अप्पा. सगळं तुमच्यावर आलं असतं."

"आलं असतं तर मी बघितलं असतं की. साहेब म्हनत हुतं, आता कागदावर पाया चारचा. चार साली तुझी अव्वा न्हवतीच. मग माझ्या शेजारी बसलं कोन हुतं?"



सौदा झाला. फाटकाशी संगमरवरी पाटी लागली. बापलेकीत भांडण असं झालंच नाही. अप्पा तिची चौकशी करायचे, तिच्यासाठी काकवी राखून ठेवायचे. पण इंग्रजी पत्र आलं की ते पोस्टमास्तरकडे जायचे. गोळ्यांच्या पाकिटावरचं तिने वाचून दाखवलं, तर "व्हय, व्हय" म्हणत ऐकायचे, आणि चप्पल घालून तेच विचारायला औषधवाल्याकडे निघायचे.

दोन हजार नऊच्या श्रावणात ते दवाखान्यात होते. रिपोर्ट आला. विद्याश्रीने तो मनात वाचला, मग म्हणाली, "छातीत थोडा डाग आहे, अप्पा. औषध लांबेल जरा."

अप्पांनी सलाईन बदलणाऱ्या श्रुती सिस्टरकडे मान वळवली. "सिस्टर, तुमी वाचा बघू."

"आजोबा, लेक वाचालीय की. माझ्यापेक्षा शिकलेल्या हाईत त्या."

"शिकलेली हाय म्हनूनच."

सिस्टर रिकामी बाटली घेऊन निघून गेली. विद्याश्री कागदाच्या घडीवरून बोट फिरवत राहिली. मग खुर्ची मागे सारून ती उभी राहिली आणि वरून सुरुवात केली. नाव. वय. तारीख, सालासकट.

"बरोबर," अप्पा म्हणाले.

ती एकेक ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचू लागली. उजवं फुप्फुस. गाठ, फोर पॉइंट टू सेंटिमीटर.

"बरोबर."

यकृतातही पसरलेली.

"बरोबर."

शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. अप्पा थांबून राहिले, काट्यावर ठेवावी तशी तिच्या ओठांवर नजर ठेवून. तिने तीही वाचली. उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता नाही.

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

रिपोर्टवर रुग्णाच्या सहीला जागा नसते. तिने पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि कागदाखाली आपला तळहात धरला. अप्पांनी सावकाश, जोडून, पूर्ण सही केली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सहीखाली वेळ घातली.