सर्वानुमते मंजूर

कुलगुरू बदलले की विद्यापीठात आधी पडदे बदलत, मग पाट्या, आणि वर्षाच्या आत एखादं नवं कॉलेज निघे. नवा गडी, नवं राज्य! पहिल्यांनी मॅनेजमेंट काढलं, दुसऱ्यांनी लॉ. सहा वर्षांतले हे तिसरे, ते नर्सिंग आणणार होते. तेही वाईट नव्हतं, खोटं कशाला बोला? शहरातल्या दवाखान्यांत एकेक नर्स चाळीस-चाळीस खाटा सांभाळत होती. पण त्याला इमारत हवी, म्हणून तत्त्वज्ञान विभाग बंद करायचा ठराव आला. विभागात विद्यार्थी नऊ; कोण बोंब मारणार?

टिपणबाईंची धाकटी बहीण त्याच विभागात अकरा वर्षं कंत्राटावर शिकवत होती. विभाग गेला की तीही गेली.

बाईंना टिपणबाई म्हणत, कारण विद्यापरिषदेच्या सभेचं इतिवृत्त त्या लिहीत. लिहीत म्हणजे काय, आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत. सभेत कधी कुणी विरोध केलाय? विषय वाचायचा, माना डोलायच्या, 'सर्वानुमते मंजूर'. चहा येईपर्यंत कागद शिपायामार्फत कुलगुरूसाहेबांच्या टेबलावर. बावीस वर्षांत एक अक्षर बदलावं लागलं नव्हतं. याही वेळी बाईंनी डोळे पुसत तेच टाइप केलं.

आणि सभेत काय व्हावं! इतिहासाचे म्हातारे प्राध्यापक, ज्यांना सगळे घुम्या म्हणत, ते उठून उभे राहिले. म्हणाले, "नर्सिंग जरूर काढा. पण घर बांधायला शेजाऱ्याचं घर कशाला पाडता? मागचं मैदान मोकळं पडलंय." एक म्हणाला, बरोबर आहे. मग दुसरा, मग सातजण! साहेब हसले, "बरं, ठराव पुढे ढकलू."

बाईंचा आनंद पोटात मावेना. सभा संपताच त्या जिन्यात धावल्या आणि बहिणीला फोन लावला. "अगं, वाचलीस! देव पावला!" पलीकडे धाकटी रडतेय की हसतेय, कळेना. बाई परत आल्या तेव्हा चहा होऊन गेला होता आणि त्यांच्या टेबलावर इतिवृत्ताचं फोल्डर नव्हतं. शिपायाने नेहमीसारखं आत नेलं होतं. साहेबांची सही होऊन ठराव मंत्रालयात रवानाही झाला होता.

बाई घाम पुसत साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, चूक झाली माझी. ते आधीच लिहिलेलं होतं."

"आधीच?" साहेबांनी चष्मा काढला. "बावीस वर्षं?" मग अगदी मवाळपणे म्हणाले, "हे बाहेर कशाला काढता बाई? नोकरीवर येईल. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचाल ना? कुणी एकाने हरकत घेतली तरी मी दुरुस्त करतो. शब्द देतो."

बाईंनी घुम्यांना गाठून सांगितलं नाही. कसं सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय त्यांना वाटलं, सांगायची गरजच काय? स्वतः बोललेला माणूस आपलंच बोलणं विसरतो होय?

महिन्याने सभा भरली. बाईंनी वाचायला घेतलं. एरवी भरभर वाचणाऱ्या बाई त्या विषयावर थांबल्या, पाणी प्यायल्या, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तत्त्वज्ञान विभाग. बंद करण्याचा ठराव. सर्वानुमते. मंजूर." आणि थेट घुम्यांकडे पाहिलं.

घुम्या बिस्किटाचा पुडा फोडत होते. पुडा फुटेना म्हणून दात लावला. "कायम, कायम," ते म्हणाले. "पुढचा विषय घ्या." बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्या दिवशी खरोखरच सर्वानुमते झालं.

साहेब बाईंकडे पाहत होते. दिलेल्या शब्दासाठी ते पुरती दोन मिनिटं थांबले. बाईंच्या ओठांवर आलं होतं सगळं. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. त्यांनी पान उलटलं.

संध्याकाळी धाकटी आली ती चपलाही न काढता दारातच उभी राहिली. हातात नोटीस होती.

"ताई, तू तर म्हणालीस वाचले म्हणून! कुणी मंजूर केलं गं हे?"

"सगळ्यांनी."

"एकही माणूस बोलला नाही?"

"नाही," टिपणबाई म्हणाल्या. "एकही नाही."